पहिली मोफत, बाकीच्या फुकट

सोमवारी सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी पाटीबाई एका पिवळ्या छत्रीशी झुंजत होत्या. छत्री पडद्यावर होती, अंगठ्याएवढी, आणि तिच्याखाली दोन ओळींची जागा होती. पहिल्या ओळीत त्यांनी लिहिलं, ‘छत्री, पिवळी.’ दुसऱ्या ओळीत लिहिलं, ‘मासे जास्त मिळत नाहीत. दिसते छान.’ मग ‘दिसते छान’पाशी येऊन त्या थांबल्या. छान दिसणं हे मत झालं आणि लेबलावर मत लिहायचं नसतं. त्यांनी ते खोडलं. त्याजागी लिहिलं, ‘उघडते, मिटते.’

पाटीबाई हे त्यांचं खरं नाव नव्हे. कंपनीतल्या सगळ्या पाट्या, म्हणजे बटणांवरचे शब्द, सूचना, वस्तूंखालची लेबलं त्याच लिहीत, म्हणून पोरांनी हे नाव ठेवलं होतं. वय त्रेपन्न. ऑफिसातल्या उरलेल्यांची सरासरी सत्तावीस. फ्रिजवरच्या कागदावर मदतीसाठी कुणाला विचारायचं याची यादी होती, तिच्यात बाकीच्यांची नावं होती आणि शेवटी ‘ऱ्हस्व-दीर्घ : पाटीबाई’.

कंपनीचा खेळ एकच, ‘तळं’. खेळाडूने तळ्याकाठी बसायचं, गळ टाकायचा, मासा लागला तर लागला. अडीच लाख माणसं रोज हे करत. खेळायला पैसे पडत नसत. पैसे पडत ते वरच्या हौसेला: टोपी, स्टूल, कंदील. ज्या मालकांनी हे तळं एकट्याने, भाड्याच्या खोलीत बसून बनवलं होतं, त्यांनी एक रीत घालून दिली होती. वस्तू फळीवर मांडलेली दिसेल, किंमत खऱ्या पैशांत लिहिलेली असेल, एक फेरी वापरून बघता येईल आणि घेतल्यावर दिवसभरात परत करता येईल. कुठल्याही वस्तूने एक मासाही जास्त मिळणार नाही. “पैसे टाकून मासे मिळायला लागले,” असं मालक म्हणत, “की त्याला मासेमारी नाही, मासळीबाजार म्हणतात.”

या रीतीवर कंपनी पाच वर्षं बऱ्यापैकी चालली होती. आणि बऱ्यापैकी चालणं हा गुंतवणूकदारांच्या भाषेत आजार असतो. त्यावर उपाय म्हणून चार महिन्यांपूर्वी एक नवा माणूस आणण्यात आला. त्याच्या दारावरच्या पाटीवर ‘खेळाडू-आनंद प्रमुख’ असं होतं. काम वसुलीचं, पण आनंद हा शब्द वसुलीपेक्षा गोंडस दिसतो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. याआधी तो जिमच्या वार्षिक वर्गण्या विकत असे, त्याही अशा लोकांना, जे दुसऱ्या आठवड्यापासून फिरकत नाहीत. या विषयात त्याचा अभ्यास दांडगा होता.

पाटीबाईंचा अभ्यास वेगळा. त्यांनी बावीस वर्षं औषधांची वेष्टनं छापणाऱ्या छापखान्यात मुद्रितं तपासली होती. तिथे पुड्यावर ‘दहा गोळ्या’ छापलं की आत दहा गोळ्या. ‘दहापर्यंत गोळ्या’ नाही, ‘नशीब असेल तर गोळ्या’ नाही. बाहेर जे लिहिलं ते आत असतं, हा करार त्यांच्या इतका हाडीमाशी खिळला होता की घरात साखरेच्या डब्यात मीठ सापडलं तर त्या त्याला चूक म्हणत नसत, फसवणूक म्हणत.

छापखान्यात आणखी एक रीत होती. शाईने लिहिलं ते छापायचं, पेन्सिलीने लिहिलं ते फक्त वाचायचं. तपासताना मनात आलेलं पाटीबाई समासात पेन्सिलीने लिहीत. एका टॉनिकच्या वेष्टनावर ‘चवीला उत्तम’ या शब्दांशेजारी त्यांनी ‘कुणी पाहिली?’ असं लिहिलं होतं, आणि ते वाचून जुळारी दोन दिवस हसत होता. छापलं मात्र ‘चवीला उत्तम’च. बावीस वर्षांत पेन्सिलीचं एक अक्षर कधी शाईत उतरलं नाही.

छापखाना बंद पडला तेव्हा त्या इथे आल्या. सहा महिन्यांचा करार, दोनदा वाढवलेला. तिसऱ्यांदा वाढवायचा तो येत्या शुक्रवारी संपत होता, आणि लेबलं नव्या साहेबाच्या खात्यात येत असल्यामुळे सही त्याची लागणार होती. इथे कागद नव्हता, यादी संगणकावर होती. म्हणून पाटीबाईंनी रीत जराशी बदलली. काळ्या अक्षरात लिहिलं ते शाई. राखाडी अक्षरात लिहिलं ते पेन्सिल.

नऊ चाळीसला आनंदप्रमुख त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. हातात कॉफी, चेहऱ्यावर आनंद.

“मॅडम, छत्रीला लेबल नको.”

“का? विकायची नाही?”

“विकायची नाही. मिळायची!”

मग त्याने योजना सांगितली. छत्री एका पेटीत असणार. पेटीचं नाव ‘नशीबपेटी’. पहिली पेटी कुणालाही मोफत. पुढची हवी तर शिंपले मोजायचे. शिंपले म्हणजे खेळातलं नवं चलन, ते खऱ्या पैशांनी विकत घ्यायचं. पेटी नव्वद शिंपल्यांना. शिंपले ऐंशीच्या गड्डीत.

“म्हणजे एका गड्डीत पेटी येत नाही,” पाटीबाई म्हणाल्या.

“दोन घेतल्या की येते.”

“आणि सत्तर उरतात.”

“उरतात म्हणून तर माणूस तिसरी गड्डी घेतो, मॅडम!” त्याने ते अशा सुरात सांगितलं, जसं कुणी आपल्या पोराचं पहिलं पाऊल सांगतं.

“पेटीत छत्री असतेच का?”

“असू शकते. किंवा गांडुळं. किंवा जुना बूट. बूट आम्ही मुद्दाम विनोदी केलाय.”

“किती पेट्यांमागे एक छत्री?”

“तो आकडा आतला आहे.”

“आत तर बूट आहे,” पाटीबाई म्हणाल्या.

आनंदप्रमुख हसला. त्याला वाटलं, बाई योजनेत रमल्या. “लेबल पण मी आणलंय. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची!’ कसं वाटतं?”

“अहो साहेब, ती म्हण मूठ उघडू नका म्हणून सांगते. तुम्ही उघडायचे पैसे घेताय.”

त्याने म्हण मागे घेतली. पेटी मागे घेतली नाही. जाता जाता म्हणाला, “घरी कुणी वयस्कर आहे का? चाचणीसाठी सत्तरीच्या पुढचा गट मोकळाच आहे.”

घरी सासूबाई होत्या. वय शहात्तर, गुडघे निकामी, जीभ शाबूत. त्यांनी तीस वर्षं बस कंपनीच्या तिकीट खिडकीत काढली होती आणि दुसऱ्या बाजूच्या माणसाकडे अर्ध्या चष्म्यातून बघायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. ‘तळं’ त्या दीड वर्षापासून खेळत. सुनेची कंपनी म्हणून नाही, तर “टीव्हीवर सगळे ओरडतात, मासे तरी गप्प असतात” म्हणून.

संध्याकाळी साडेसहाला स्वयंपाकघरातल्या टेबलावर चाचणीचा टॅब आला. त्यात कंपनीने हजार शिंपले भरून दिले होते. सून गॅसपाशी, दूध तापत ठेवलेलं, सासूबाईंचं बोट पडद्यावर. पहिली पेटी, मोफतची, उघडली. ढोल वाजले, चांदण्या उडाल्या आणि आतून कंदील निघाला.

“अगं, कंदील! बरी आहे की तुमची कंपनी.”

“दुसरी उघडा,” सून म्हणाली.

दुसरीत बूट निघाला. ढोल तेवढेच वाजले, चांदण्या तेवढ्याच उडाल्या. तिसरीत गांडुळं. चौथीत बूट. पाचवीत बूट. सासूबाईंनी चष्मा नाकावर घट्ट बसवला आणि मान पुढे काढली, म्हणजे खिडकीतून कुणीतरी जुनी नोट सरकवल्यासारखी.

“बूट डावा आहे.”

“असेल.”

“मघाचाही डावाच होता. अगं, हे सगळे डाव्या पायाचे! जोडी तरी लागू दे. आणि गांडुळं कशाला? गांडुळं काठावर उकरली की मिळतात ना तळ्यात?”

“मिळतात.”

“मग पेटीत घालून विकता?”

“आम्ही नाही हो आई, साहेब.”

“साहेबाला सांग, मी तीस वर्षं तिकिटं विकली. ‘बसा तर खरं, बघू कुठे जाते’ असं म्हणून एक तिकीट विकलं नाही.” बोट मात्र थांबलं नव्हतं. सहावी, सातवी, आठवी. आपण थांबत नाही हे सासूबाईंच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांनी टॅब एकदम दूर सारला आणि हात पदराला पुसला. हाताला काही लागलेलं नव्हतं. हजार शिंपल्यांतले दहा उरले होते. विकतच्या अकरा पेट्या गेल्या होत्या. सात बूट, चार वेळा गांडुळं, छत्री नाही.

“काय लिहिणार आहेस या पेटीवर?” त्यांनी विचारलं.

“पहिली मोफत, असं तर लिहायचंच आहे. पुढचं ठरलं नाही.”

“त्यात ठरवायचं काय? पहिली मोफत, बाकीच्या फुकट.”

पाटीबाई इतक्या हसल्या की दूध उतू गेलं. मराठीने एकाच शब्दात दोन माणसं बसवली आहेत. एक हात पसरून म्हणतो, पैसे नकोत. दुसरा हात झटकून म्हणतो, पैसे पाण्यात गेले. दोघेही ‘फुकट’च म्हणतात. कोण बोलतोय हे समजायला बोलणाऱ्याचं तोंड बघावं लागतं, आणि लेबलाला तोंड नसतं.

मंगळवारी सकाळी नऊ बाराला पाटीबाईंनी यादी उघडली. नशीबपेटीच्या पहिल्या ओळीत काळ्या अक्षरात लिहिलं, ‘नशीबपेटी.’ दुसरी ओळ रिकामी होती. आनंदप्रमुखाला नव्वद शिंपले कमी वाटू लागले होते, एकशेवीस करावेत का यावर त्याचं मनन चालू होतं, आणि किंमत ठरेपर्यंत ती ओळ लिहिता येत नव्हती. रिकामी ओळ पाटीबाईंना पाहवत नसे. त्यांनी तिथे पेन्सिल चालवली. राखाडी अक्षरात, सासूबाईंचं वाक्य, जसंच्या तसं. मग दुसऱ्या कामाला लागल्या.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आधीचा प्रोग्रामर पाटीबाईंची लेबलं हाताने उचलून खेळात टाकत असे. त्याला राखाडी ठाऊक होतं, तो राखाडी वाचून हसायचा आणि काळं उचलायचा. महिन्यापूर्वी तो गेला आणि त्याच्या जागी एक मुलगी आली. चोवीस वर्षांची, हुशार, हाताने काही करायचा कंटाळा. तिने एक छोटा प्रोग्राम लिहिला, जो यादी पुरीच्या पुरी उचलतो. त्यामुळे रोजचा अर्धा तास वाचला. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं, पाटीबाईंनीही.

बुधवारी सकाळी किंमत नव्वदच ठरली. ती आनंदप्रमुखाने यंत्रात भरली, पाटीबाईंना सांगायचं राहिलं. मुलीने त्याला विचारलं, “सर, लेबलं एकदा बघून घेता?” त्याने फोनवरून मान न उचलता ‘ठीक’ या बटणावर बोट ठेवलं. ते बटणही पाटीबाईंनीच लिहिलेलं होतं. त्याच्याखाली बारीक अक्षरात ‘मी हे वाचलं आहे’ असं होतं. अकरा वाजता नशीबपेटी अडीच लाख माणसांसमोर उघडली.

अकरा वीसला मुलगी पाटीबाईंच्या टेबलापाशी आली. रंग उडालेला.

“काकू, पेटीच्या दुसऱ्या ओळीत काय लिहिलं होतं तुम्ही?”

“पेन्सिलीने लिहिलं होतं.”

“कशाने?”

“राखाडी अक्षरात गं. ते घ्यायचं नसतं.”

“काकू,” मुलगी म्हणाली आणि शेजारच्या खुर्चीत बसलीच, “यंत्रात फाइल गेली की रंग गळून पडतात. तिथे सगळं काळंच.”

पडद्यावर पेटी चमकत होती, आणि तिच्याखाली बावीस वर्षांत पहिल्यांदाच पेन्सिल छापून आली होती: ‘पहिली मोफत, बाकीच्या फुकट.’

खेळाडूंचे तट पडले. एका तटाने शब्दाचा पहिला अर्थ घेतला. बाकीच्या फुकट लिहिलंय, मग आमचे शिंपले का कापले? या तटाकडून दुपारपर्यंत नऊशे तक्रारी आल्या. दुसऱ्या तटाने दुसरा अर्थ घेतला, पेटीचं चित्र काढून एकमेकांना पाठवलं आणि खाली लिहिलं, ‘अखेर एक खरं बोलणारा खेळ.’ गंमत म्हणजे हा दुसरा तटही पेट्या उघडतच होता. खरं बोलणाऱ्यावर माणसाचा चटकन विश्वास बसतो. मुलीने चार वाजता पेटी बंद केली तोवर विकतच्या सहा हजार दोनशे पेट्या उघडून झाल्या होत्या.

पाटीबाई त्या दिवशी साडेपाचला घरी गेल्या आणि थेट भाजी चिरायला बसल्या. सासूबाईंनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा म्हणाल्या, “नोकरी गेली का?”

“शुक्रवारी कळेल.”

“माझ्या तोंडाने गेली म्हण की.”

“तुमच्या तोंडाने नाही हो. माझ्या पेन्सिलीने.”

सासूबाई गप्प झाल्या. ही घटनाही नोंद घेण्याजोगी होती. घर दोन पगारांवर चालायचं, नवऱ्याचा पाणीपुरवठा खात्यातला आणि पाटीबाईंचा. त्रेपन्नाव्या वर्षी ऱ्हस्व-दीर्घ येतं म्हणून नवी नोकरी मिळत नाही हे तिकीट खिडकीतल्या बाईला समजावून सांगायची गरज नव्हती.

गुरुवारी साडेदहाला काचेच्या खोलीत चौघं बसली. मालक, आनंदप्रमुख, मुलगी आणि पाटीबाई. मालक नखाने टेबलाचा पापुद्रा काढत होते. आनंदप्रमुखाने पाटीबाईंसमोर दोन कागद ठेवले, एकावर एक. वरचा कागद खेळाडूंसाठी होता: टंकलेखनातील चुकीमुळे लेबलात गैरसमज निर्माण करणारा शब्द पडला, सबब दिलगीरी व्यक्त करत आहोत, योग्य लेबलासह पेटी उद्यापासून पुन्हा सुरू होत आहे. खाली ‘लेबल विभाग’ म्हणून पाटीबाईंच्या सहीची जागा. त्याखालचा कागद त्यांच्या कराराचा होता. तो फक्त कडेने दिसत होता.

“दोन सह्या, मॅडम. आधी वरची, मग खालची. पाच मिनिटांचं काम.”

पाटीबाईंनी पर्समधून पेन्सिल काढली. वरचा कागद वाचला. “‘दिलगीरी’तला ‘गि’ ऱ्हस्व हवा,” असं म्हणून तेवढं दुरुस्त केलं. पुन्हा वाचला. मग मुलीकडे वळल्या.

“विकतच्या किती पेट्या उघडल्या गं?”

“सहा हजार दोनशे.”

“छत्र्या किती निघाल्या?”

“तो आकडा आतला—” आनंदप्रमुख म्हणाला.

“एकतीस,” मुलगी म्हणाली.

पाटीबाईंनी समासात वजाबाकी केली. “म्हणजे सहा हजार एकशे एकोणसत्तर पेट्या फुकट गेल्या. वाक्यात चूक नाही, साहेब. चूक आहे ती एकतीस पेट्यांपुरती. तेवढ्या पेट्यांची दिलगिरी मी आत्ता लिहून देते.”

“मॅडम, गांडुळं मिळाली ना लोकांना! गांडूळ म्हणजे काहीच नाही का?”

“गांडुळं काठावर उकरली की फुकट मिळतात. पहिल्या अर्थाने.”

मुलीने खोकल्यासारखं काहीतरी केलं.

“हा शब्दांचा खेळ आहे,” आनंदप्रमुख म्हणाला.

“शब्दांचा मला पगार आहे. म्हणून तर सांगते, चूक नसताना ‘चूक’ लिहून सही करता येणार नाही. खोडून ‘पेन्सिलीचा मजकूर छापला गेला’ असं लिहा, सही करते. तो दोष माझा. इथे रंग गळतात हे मी विचारायला हवं होतं.”

“तसं लिहिलं तर लोक विचारतील, मग मजकूर खोटा होता का?”

“विचारतील.”

“मग काय सांगायचं?”

“तो प्रश्न आनंद विभागाचा,” पाटीबाई म्हणाल्या.

एवढ्या वेळात मालक पहिल्यांदा बोलले. “बाई, काळ्या अक्षरात काय लिहिणार होतात तुम्ही?”

“‘दोनशे पेट्यांत एक छत्री. उरलेल्यांत बूट किंवा गांडुळं. एक पेटी नव्वद शिंपले,’ आणि त्याचे खरे पैसे किती होतात ते.”

“असं लिहिलं तर एक माणूस पेटी उघडणार नाही!” आनंदप्रमुख जवळजवळ ओरडला.

आपण काय बोललो हे सगळ्यात शेवटी त्याच्या लक्षात आलं.

मालकांनी पापुद्रा काढायचं थांबवलं. “मी काल चौदा उघडल्या,” ते म्हणाले. “स्वतःच्या पैशांनी. बघावं म्हटलं. मी खणलेलं तळं, आणि मलाच बूट.”

“डावा?” पाटीबाईंनी विचारलं.

“सगळे डावे.”

यानंतर मालकांना सुबुद्धी सुचली असं लिहायला आवडलं असतं. प्रत्यक्षात त्यांनी खिशातून एक पत्र काढलं. ज्या ऑनलाइन दुकानातून लोक ‘तळं’ उतरवून घेत त्या दुकानाचं ते होतं. लेबलावर ‘फुकट’ लिहून पैसे घेतल्याबद्दल संध्याकाळपर्यंत खुलासा करावा, नाहीतर खेळ दुकानातून काढण्यात येईल. खुलाशात शब्दकोशाचा दाखला चालणार नाही, असंही त्यात होतं. सदसद्विवेकबुद्धी पुष्कळदा टपालाने येते.

वाटा दोन होत्या. लेबल खरं मानून यापुढे पेट्या कायमच्या मोफत वाटायच्या, किंवा शिंपल्यांचे सगळे पैसे परत करून पेटी गुंडाळायची. दुसरी स्वस्त होती. मालकांनी ती घेतली. छत्री उद्यापासून फळीवर, खऱ्या पैशांत, एक फेरी वापरून बघायला, आवडली नाही तर दिवसभरात परत. शिंपले काठावर पडलेले दिसतील, वेचता येतील, विकायचे नाहीत.

मग जिमच्या धंद्यात मुरलेल्या माणसाला शोभेल अशा चपळाईने आनंदप्रमुखाने वही उघडली. “म्हणजे ही आपली नवी पारदर्शक छत्री योजना! खेळाडूंचा आवाज ऐकून...”

“पारदर्शक काय, छत्री की योजना?” पाटीबाई म्हणाल्या. “छत्री पिवळी आहे.”

खालच्या कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा आनंदप्रमुखाला पेन सापडेना. मालकांनी स्वतःच्या पेनाने केली. सहाऐवजी तीन महिने केले, कारण चूक झाली होती आणि कुणाला तरी ती लागायला हवी होती. मुलीला तोंडी समज मिळाली. ‘मी हे वाचलं आहे’वर बोट ठेवणाऱ्याला काही मिळालं नाही. बोटाला वाचता येत नाही, हे सगळ्यांना मान्य असावं. पाटीबाईंना लेखी ताकीद मिळाली. तिचा मुख्य मजकूर असा: ‘कर्मचाऱ्याने यादीत राखाडी रंगात मत व्यक्त करू नये.’ पाटीबाईंनी ताकिदीतला एक स्वल्पविराम हलवला आणि पोच दिली.

संध्याकाळी साडेसहाला सासूबाई टेबलापाशीच होत्या. टॅब पुसून, गुंडाळून, परत द्यायला तयार ठेवलेला.

“राहिली?”

“तीन महिने.”

“तीन तर तीन. पदरात पडलं पवित्र झालं.” एवढं म्हणून त्यांनी सुटकेचा श्वास आवाज न करता सोडला आणि लगेच मूळ पदावर आल्या. “माझं वाक्य अडीच लाखांनी वाचलं. मला काय मिळालं?”

“सात बूट.”

“ते चाचणीतले. तेही टॅबबरोबर परत जाणार तुमच्या साहेबाकडे.” मग, सहज विचारल्यासारखं, “छत्री कितीला लावणार?”

“दोन चहांच्या किमतीत.”

“आणि तिने मासे जास्त मिळतात?”

“नाही.”

“मग उपयोग काय?”

“काही नाही. उघडते, मिटते.”

“वापरून बघता येते म्हणालीस ना?”

“एक फेरी.”

“एक फेरी बघेन. आवडली नाही तर घेणार नाही, आधीच सांगते. सुनेची कंपनी म्हणून घेणार नाही.”

“नका घेऊ.”

“जबरदस्ती आहे का?”

“अहो आई, नाही तेच तर सांगतेय!”

“मग ओरडतेस कशाला? दूध बघ.”

पाटीबाईंनी दूध बघितलं. ते उतू गेलं नव्हतं.

ताकीद यादीतल्या राखाडी रंगाबद्दल आहे, कागदाबद्दल तिच्यात एक अक्षर नाही. दुपारीच पाटीबाईंनी मुलीला विचारून घेतलं होतं, की यादी छापून काढली तर तिच्यावर लिहिलेलं यंत्रात जातं का. जात नाही, मुलगी म्हणाली, आणि काकू, छापून झाली की मलाही वाचायला द्या. उद्या शुक्रवार. खेळातली फळी दहाला बदलते. त्याआधी, नऊ वाजून बारा मिनिटांनी, लेबलांची यादी छापून निघेल: पानं आठ, ओळी एकशे अठरा, पिवळी छत्री सत्तावन्नाव्या ओळीवर.